माझ्या नावाच्या पाच मुठी

शनिवार, १२ जुलै २०२५

दुपारी दुकानात एका पोरीचा फोन आला. वाटलं कर्ज विकणारी आहे, झापणारच होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "भूपेंद्र लोटू शिंपी बोलताय ना? दोन हजार चार साली तुम्ही आमच्या दवाखान्यात भरती होतात." हातातली कात्री खाली ठेवली. समोर एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला उभी होती. तिला म्हटलं, ताई, पाच मिनिटं टेका जरा.

पोरीचं नाव चैताली. इथल्याच डिंडोलीची आहे, गुजराती नाही, आपली मराठी. डॉक्टरकी शिकतेय. न जेवण्याच्या आजारातून उठलेली माणसं वीस वर्षांनी कशी आहेत, हे तिला शोधून काढायचंय. जुन्या रजिस्टरात एकवीस नावं सापडली म्हणे. "काका, एक दिवस याल का?" काका! एक्केचाळीस म्हणजे काय म्हातारपण आहे का?

म्हटलं, येतो की. पण यायचं कशाला, मी ठणठणीत बरा आहे, आत्ताच लिहून टाक. ती हसली. "फोनवर नाही लिहिता येत. तीन रकाने आहेत. पूर्ण बरे, थोडेफार बरे आणि तसेच. सगळं विचारल्यावर खूण करायची." सहा ऑगस्टला बोलावलंय. पहिला रकाना माझा आहे. एवढी वर्षं मी काय झक मारली?

हर्षदाला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मी पण येणार." तुझं काय काम तिथं, विचारलं, तर म्हणे, "काम नाही. येणार."

मंगळवार, १५ जुलै

ही वही मी का लिहितो, हे राखीनं आज विचारलं. चौदा वर्षांची झाली, सगळं विचारते. मी म्हटलं, सवय. खरं सांगायचं तर डॉक्टरांनीच लावलेली सवय. दवाखान्यातून सोडताना म्हणाले होते, रोज काय खाल्लं ते लिहायचं. सहा वर्षं लिहिलं. अर्धी भाकरी, पाव वाटी वरण. मग एक दिवस वाचून बघितलं आणि माझाच मला कंटाळा आला. तेव्हापासून जेवण सोडून बाकी सगळं लिहितो. वजनाचा आकडा या वहीत लिहायचा नाही, हा नियम आहे. मापाची टेप दुकानातून घरी आणायची नाही, हा दुसरा नियम. दिवसभर बायकांच्या कमरा मोजतो, स्वतःची गेल्या अकरा वर्षांत मोजली नाही. पँट शिवतो ती नाडीची.

सतराव्या वर्षापर्यंत मी गुबगुबीत होतो. बा मला चार लोकांत ढोल म्हणायचा. "आमचा ढोल आला बघा!" त्याला गंमत वाटायची. मग मी खाणं सोडलं, आणि जे खायचो तेही उलटून टाकायचो. घरच्यांना वाटलं कावीळ आहे. मग वाटलं बाहेरचं काही आहे, भगताकडे नेलं. तीन वर्षांनी दवाखान्यात नेलं तेव्हा बा मला पाठीवर घेऊन जिना चढला होता. मला काही वाटलं नाही तेव्हा, नुसती थंडी वाजत होती.

बाला जाऊन सव्वा वर्ष झालं. तो ढोल अजून माझ्या कानात आहे. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण वहीत खोटं कशाला लिहू?

शुक्रवार, १८ जुलै

आज मीच चैतालीला फोन लावला. म्हटलं, माझ्या बाजूच्या खाटेवर लोकेश होता. हिरे घासायचा. गादीखाली पोळ्या लपवायचा, आणि पकडला गेला की माझं नाव सांगायचा, साला. तो सापडला का?

ती म्हणाली, "ते गेले, काका. सहा वर्षं झाली." कशानं, विचारलं. "त्याच आजारानं म्हणायचं. हृदय थकलं होतं. घरच्यांना वाटत होतं, बरे आहेत."

दुपारच्या डब्याला बसलो, पण घास गिळेना. शेजारच्या रसवाल्याला बोलावून समोर बसवलं आणि त्याच्याशी क्रिकेटवर भांडत भांडत डबा संपवला. लोकेशपण घरच्यांना बराच वाटत होता. आता मला तो पहिला रकाना हवाय तो दाखवायला नाही. कोणीतरी कागदावर लिहून द्यावं की हा माणूस पुन्हा त्या खड्ड्यात जाणार नाही. भीती वाटते, दुसरं काही नाही.

रविवार, २० जुलै

गणपतदादा आला होता. माझा थोरला चुलतभाऊ, लिंबायतला राहतो, बोलतो ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. गेल्या वर्षी सुतकामुळे कानबाई, आमची श्रावणातली देवी, बसवली नव्हती. यंदा आपल्याच घरी बसवायची म्हणाला. "आणि मुठी तू भरायच्या. लोटूकाकानंतर हे तुझ्याकडंच."

आमच्या भाऊबंदांत रोटांची रीत अशी. घरातल्या एकेकाच्या नावानं गहू नि चण्याची डाळ पाच-पाच मुठी काढायची. दळण एकत्रच करायचं. कानबाईच्या दिवशी त्याचे पुरण भरलेले जाडजूड रोट करायचे, आणि ज्याच्या नावाचा वाटा त्यानं पंगतीत बसून खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. उरलं तर घरच्यांनीच संपवायचं.

बा होता तोवर मुठी तोच भरायचा. आणि खायचा पण तोच! स्वतःचा वाटा झाला की शेजारी माझ्या ताटात हात घालायचा, "आन इकडे!" सगळे हसायचे. त्याला रोटखाऊ लोटू म्हणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बापाचा हावरटपणा लोकांनी का बघावा? असो. यंदा माझ्या ताटात हात घालणारं कोणी नाही. यंदा मी माझा वाटा पुरता खाणार आणि तीन दिवसांनी दवाखान्यात जाऊन पहिल्या रकान्यात बसणार.

हर्षदा म्हणाली, "मुठी मायना भरू द्या की." का, विचारलं. "त्यांचा हात लहान आहे, दळण सुबक होतं." बायकांचं काहीतरीच असतं.

शनिवार, २६ जुलै

कानबाईसाठी घर आवरायला काढलंय. कपाटाची बिजागरी बसवायला सुतार आला होता. म्हटलं, आलाच आहेस तर न्हाणीघराच्या दाराला कडी पण बसव. हर्षदा आतून धावत आली. "कडी नको. दार फुगलंय पावसानं, लाकूड फाटेल." सुतार म्हणाला, दार प्लास्टिकचं आहे, वहिनी. तरी तिनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

सोळा वर्षं झाली लग्नाला, या घराच्या न्हाणीला कडी नाही. मी आत गेलो की गाणी म्हणतो, म्हणजे कोणी दार ढकलू नये. शेजारीपाजारी मला रसिक समजतात. काय बोलावं या बाईला! बाकी हिशेबाला, स्वयंपाकाला, माणसं जोडायला एक नंबर आहे, पण कडीचं नाव काढलं की तिचं डोकं फिरतं.

आणखी एक खोड. जेवण झालं की ती मला उठू देत नाही. अर्धा तास बडबडते. कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाची म्हैस व्याली. खरकट्या हातानं बसून ऐकायचं. कधी कधी वाटतं, हिला दिवसभर बोलायला कोणी मिळत नाही की काय? पण ऐकताना बरं वाटतं, हेही लिहून ठेवतो.

गुरुवार, ३१ जुलै

आज मुठी भरल्या. देवासमोर सूप ठेवलं, माय बाजूला बसली, गणपतदादा मोजायला. पहिली नावं मोठ्यांची. मायच्या नावाच्या पाच, गणपतदादाच्या पाच, असं करत माझं नाव आलं. काय झालं मला कोण जाणे. लोकेश डोक्यात होता, चैतालीचा रकाना डोक्यात होता. मूठ मिटलीच नाही मी. पंजा पसरून बचकच्या बचक उचलली. गहू सांडत होते. पाच वेळा.

"आरे, बा रे!" गणपतदादा ओरडला. "ह्याला मुठी म्हणतात का? ह्याच्या वाट्याला दोन रोट जास्तीचे!" सगळे खो खो हसले. मीही हसलो. छाती फुगली होती माझी. माय मात्र हसली नाही. तिनं सुपातल्या माझ्या ढिगाकडे बघितलं, मग हर्षदाकडे. दोघी उठून आत गेल्या.

रविवार, ३ ऑगस्ट

सकाळी कानबाई बसली. नारळाला डोळे काढले, नथ घातली, हर्षदानं स्वतःचं मंगळसूत्र चढवलं. घरात बावीस माणसं. चुलीवर नि गॅसवर मिळून रोट चालले होते. गंगाफळाची भाजी, खीर. खरं सांगतो, सकाळी मला भूक होती. साधी, चांगली भूक.

दुपारी पंगत बसली. बाकीच्यांना तीन-तीन, मला पाच. पहिला रोट मजेत खाल्ला. दुसराही. तिसरा संपवला तेव्हा पोट भरलं होतं, आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण पुढ्यात दोन होते आणि गणपतदादा माझ्याकडे बघून मिशीत हसत होता. चौथा अर्धा झाला, आणि ते आलं. अकरा वर्षांनी. घशाशी नाही, डोक्यात. ओळखीचा आवाज. उठ. दहा पावलांवर न्हाणी आहे. एका मिनिटाचं काम, मग कसं हलकं वाटेल. कोणाला कळणार आहे?

उठलो. हात धुऊन येतो म्हटलं. हर्षदा पाहुण्या बायकांच्या गराड्यात वाढत होती, तिला पत्ताही नसेल. न्हाणीच्या दाराशी पोचलो तर राखी धावत आली, घाईत शाळेतल्या गुजरातीतच बोलत. "पप्पा, जुओ ने, मारी कुर्तीनी बांय ढीली छे." आत्ता? म्हटलं, सरक, नंतर बघतो. नाहीच. माझं मनगट धरून उभी. "ना, हमणां ज जुओ." मी चिडलो, ओरडलोसुद्धा. मग बघितली बाही. दोनदा बघितली. शिवण अगदी बरोबर होती, ढिली कुठंच नव्हती. पोरीला शिलाईतलं काही म्हणता काही कळत नाही. पण तेवढ्यात तो आवाज जरा मागं गेला.

तिचा हात धरूनच परत पंगतीत आलो. बसलो. ताटात दीड रोट होता. बावीस माणसं जेवत होती. मी म्हटलं, "माझ्याच्यानं आता होत नाही."

गणपतदादा म्हणाला, "रोट टाकता येत नाहीत रे, भूपेंद्र."

"टाकत नाही दादा. पण मला आणखी खाववणार नाही. मला आजार आहे, जेवणाचा. दवाखान्यात होतो तेव्हा कावीळ नव्हती मला." बोललो आणि कान तापले. वीस वर्षं लपवलेली गोष्ट पत्रावळीवर ठेवली. खिरीचं पातेलं घेतलेली वहिनी तशीच उभी.

मग गणपतदादानं हात लांब करून माझ्या ताटातला अख्खा रोट उचलला. "कावीळ नव्हती हे आम्हाला काय आज कळतंय? बस गप. खीर घे वाटीभर, का तीही नको?" मायनं अर्धा उचलला. "बठ, भाऊ. उठू नको." आणि पंगत पुन्हा बोलायला लागली. कुठल्या तरी रिक्षावाल्याची गोष्ट चालू झाली. हर्षदा परात घेऊन आली ती माझ्याजवळच बसली, आणि पाहुण्यांना सोडून मला कोणाच्या तरी साखरपुड्याचं सांगत राहिली. अर्धा तास.

पहिला रकाना गेला. मी आज दारापर्यंत गेलो होतो. वाईट वाटतंय, पण वाटलं होतं तितकं नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

कानबाईचं विसर्जन करून आलो. पोरं नाचली, गणपतदादाही नाचला, सुजलेला गुडघा घेऊन. आता झोपलाय पंख्याखाली.

राहिलेले रोट सकाळी सगळ्यांनी दुधाबरोबर संपवले. मीही एक चतकोर खाल्ला. काही झालं नाही, दूध मात्र चांगलं होतं. मायला म्हटलं, बा असता तर काल प्रश्नच आला नसता, एकट्यानं सगळे हाणले असते. माय म्हणाली, "तुना बाले गोड कोठे आवडे? चहा बी बिनसाखरना पे तो."

मायचं आता वय झालं. दरवर्षी सहा-सहा, आठ-आठ रोट खाणारा माणूस, संध्याकाळी पोट धरून ओट्यावर पडायचा, आणि म्हणे गोड आवडत नव्हतं. वाद घातला नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

दवाखान्यात जाऊन आलो. चैताली अगदीच लहान पोर निघाली, चष्मेवाली, पायात साध्या चपला. छोटी खोली, तीन खुर्च्या. मला वाटलं हर्षदा बाहेर बसेल. ती सरळ आत आली नि बसली.

बरंच विचारलं. दिवसातून किती वेळा जेवता? कोणाबरोबर? आरशात बघता का? मी सगळं खरं सांगितलं. रविवारचंही सांगितलं, दार, बाही, दीड रोट, सगळं. घरून निघताना ठरवलं होतं की हे सांगायचं नाही. पण लोकेशच्या घरच्यांना तो बरा वाटत होता, हे मनातून जात नव्हतं. म्हटलं, पोरी, पहिल्या रकान्यात नको लिहू. दुसऱ्यात लिही. ती म्हणाली, "काका, दुसऱ्या रकान्यातली माणसं नोकरी करतात, संसार करतात, म्हातारी होतात. वाईट नाही तो." मी म्हटलं, माहिती आहे. जगतोच आहे मी त्यात, आणि मजेत जगतोय.

मग तिनं हर्षदाला विचारलं, "काकू, तुम्हाला यांच्या आजाराचं कधी कळलं?"

उत्तर मीच दिलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी स्वतः सांगितलं. केवढी हिंमत गोळा केली होती तेव्हा! आणि ही म्हणाली होती, "बरं. भाजी गरम करू का?"

"नाही," हर्षदा म्हणाली. "मला लग्नाआधीच माहीत होतं."

मी तिच्याकडे बघायला लागलो. ती माझ्याकडे न बघता चैतालीला सांगत होती. "बघायचा कार्यक्रम व्हायच्या आधी आठ दिवस सासरे एकटेच नंदुरबारला आमच्या घरी आले. पॅसेंजरनं. यांना सांगितलं नव्हतं. माझ्या वडिलांना म्हणाले, पोरीलाही बाहेर बोलवा, तिनं ऐकायला पाहिजे. म्हणाले, माझा पोरगा गुणी आहे, हातात कला आहे. पण जेवताना त्याच्याजवळ बसावं लागतं, आणि जेवल्यावर अर्धा तास त्याला बोलण्यात गुंतवावं लागतं. न्हाणीला कडी ठेवता येत नाही. हे माझ्या जिभेनं झालंय, मी त्याला नको ते बोललो लहानपणी. हे ऐकून नाही म्हणालात तरी मला राग नाही, पण फसवून सून आणणार नाही."

चैतालीनं लिहिणं थांबवलं होतं.

"मी विचारलं, जन्मभर असं करायचं? तर म्हणाले, रोजचं तुला करावं लागेल, पोरी. कानबाईचं तेवढं तुझ्यावर नाही. त्याच्या वाटचे रोट मी आहे तोवर मी खाईन. चार लोकांत त्याचं ताट उरलेलं दिसू देणार नाही." हर्षदानं पदरानं नाक पुसलं. "मी हो म्हटलं. मला तसंही एकटीनं जेवायला आवडत नाही."

मी रडलो. दवाखान्यातल्या खुर्चीत, त्या पोरीसमोर, मोठ्यानं रडलो. बा, अरे बा, असं काहीतरी तोंडातून येत होतं. बाहेर नंबर लावून बसलेल्या दोघांनी दार ढकलून डोकावून बघितलं. चैताली घाबरली. म्हणाली, "काका, पाणी आणू? की आज इथंच थांबू या?"

हर्षदानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. "रडू दे त्यांना," ती म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."